हंगाम, परवाना आणि हरिणी : फॉकनरच्या एका कथेच्या निमित्ताने

विल्यम फॉकनर हा अमेरिकन कादंबरीकार आपल्याकडच्या इंग्रजी विभागांना परिचित आहे. त्याला १९४९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्यानंतर त्याच्या शिकारकथांवर समीक्षेचा ढीग रचला गेला. 'गो डाउन, मोझेस' (१९४२) या त्याच्या पुस्तकाविषयी वर्गात जे सांगितले जाते त्यात अरण्य, निसर्गाशी तादात्म्य, कोवळ्या मुलाची दीक्षा, हरवलेले निरागसपण हे शब्द हटकून येतात. मीही विद्यार्थी असताना परीक्षेत हेच लिहून गुण मिळवले. परंतु या कथांतील एक साधी वस्तुस्थिती या सगळ्या शब्दांखाली दडपली जाते. या कथांतील माणसे नियमाने शिकार करतात. त्यांच्या शिकारीला हंगाम आहे, रिवाज आहे, कोणते जनावर मारावे व कोणते सोडावे याचा निर्बंध आहे. हे नियम कोणी केले? ते करताना कोणाला शिकारी ठरवले आणि कोणाला चोर? हे प्रश्न विचारल्याशिवाय या कथा पुऱ्या वाचून होत नाहीत, असे माझे म्हणणे आहे.

प्रथम हा नियम काय आहे ते पाहू, कारण आपल्या वाचकाला त्याची सहसा माहिती नसते. इंग्लंडमध्ये शिकार हा जमीनमालकाचा आणि सरदाराचा हक्क होता. अमेरिकेने हे तत्त्व मोडले. तिथे रानातले जनावर कोणा मालकाचे नाही, ते राज्यातील सर्व जनतेचे आहे आणि सरकार त्याचे विश्वस्त आहे, असे मानले जाते. म्हणून शिकारीचे नियम प्रामुख्याने प्रत्येक राज्य करते. वीण आणि पाडसांचा काळ वगळून हंगाम ठरवायचा. एका माणसाने किती जनावरे मारावीत याची मर्यादा घालायची. नर मारायचा की मादीही चालेल, बंदूक की धनुष्य, दिवसाच्या कोणत्या वेळेपर्यंत, हे सारे ठरवायचे. राज्यातल्या रहिवाशाला परवाना स्वस्त आणि बाहेरच्याला महाग. मोठ्या जनावरासाठी बहुधा परवान्याबरोबर वेगळी चिठ्ठी घ्यावी लागते आणि ती मारलेल्या जनावराला बांधावी लागते. रानातले मांस बाजारात विकायला बंदी असते. १९०० च्या लेसी कायद्याने एका राज्यात बेकायदा मारलेले जनावर दुसऱ्या राज्यात नेणे हा संघराज्याचा गुन्हा केला. स्थलांतरी पक्षी १९१८ च्या कायद्याने केंद्राच्या देखरेखीखाली आले. १९३७ सालापासून बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा राज्यांना वन्यजीवांसाठी वाटला जातो, आणि कोणाला किती हे ठरवताना राज्याचे क्षेत्रफळ आणि तिथल्या परवानाधारकांची संख्या पाहिली जाते.

या नियमांनी काही काम केले, हे मान्य केल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आकाश झाकून टाकतील एवढ्या थव्यांनी उडणाऱ्या पॅसेंजर पिजन या पारव्याचा शेवटचा जीव १९१४ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. कोट्यवधी बायसनांतले शेकड्यांत मोजावे एवढेच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उरले. रेल्वे, कातड्याचा व्यापार आणि शहरांतली मांसाची बाजारपेठ यांनी हा संहार केला. तो थांबवणे जरूर होते. आज तिथे हरणांचे कळप पुन्हा वाढलेले दिसतात याचे बरेचसे श्रेय हंगाम आणि परवाना यांना आहे. जनावर वाचवू नये असे म्हणणारा मी नाही. परंतु जनावर वाचवण्याच्या नियमात माणसांची प्रतवारी कशी शिरली, हे पाहणे समीक्षकाचे काम आहे.

ही प्रतवारी एका शब्दभेदातून सुरू होते. तिथे शिकाऱ्याचे दोन प्रकार मानले गेले. एक खेळ म्हणून शिकार करणारा, दुसरा हंडीसाठी शिकार करणारा. पहिला सुसंस्कृत, संयमी, निसर्गप्रेमी. दुसरा अधाशी, रानटी, नाश करणारा. पोट भरलेल्याने मारले तर तो छंद आणि उपाशी माणसाने मारले तर ती लूट, असा या भेदाचा सरळ अर्थ होतो. ज्याच्या घरी ससा आला म्हणजे 'कोरड्यास आले' एवढेच म्हटले जाई, अशा घरात मी वाढलो. त्या घरातून पाहिले की या शब्दभेदातली लबाडी चटकन कळते.

दक्षिणेतल्या राज्यांत हा भेद वर्णावर उभा होता. गुलामगिरीच्या काळात मळ्यावरचे काळे लोक रात्री रानात जाऊन ऑपॉसम, रॅकून अशी लहान जनावरे मारीत आणि मालकाने दिलेल्या तुटपुंज्या शिध्याला त्याची जोड देत. मालकाला ते चालत होते, कारण त्याचा शिधा वाचत होता. गुलामगिरी संपली आणि हीच गोष्ट त्याला खुपू लागली. जो माणूस रानातून चार दिवसांचे अन्न आणू शकतो, तो पडेल त्या मजुरीवर कापूस वेचायला येत नाही. नोव्हेंबर १८६५ मध्ये, म्हणजे युद्ध संपून वर्षही झाले नसताना, मिसिसिपी राज्याने कायदा केला की सैन्यात नसलेल्या मुक्त काळ्या माणसाने काउंटीच्या मंडळाच्या परवान्याशिवाय बंदूक वा दारूगोळा बाळगू नये. 'परवाना' हा शब्द इथे पाखरांच्या रक्षणासाठी आलेला नाही. पुढे १८७० च्या दशकात जॉर्जिया, अलाबामा अशा राज्यांत शिकारीचे आणि दुसऱ्याच्या रानात शिरण्याविरुद्धचे कायदे झाले. त्यांतले कित्येक राज्यभर लागू नव्हते, काळ्यांची वस्ती दाट असलेल्या कापूस-जिल्ह्यांपुरतेच होते. जनावर तर साऱ्या राज्यात होते. मग कायदा त्याच जिल्ह्यांत का, याचे उत्तर प्राणिशास्त्रात सापडत नाही.

१८९६ हे साल या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी मार्चमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गीर विरुद्ध कनेक्टिकट या खटल्यात रानातली शिकार ही राज्याच्या जनतेची सामायिक मालमत्ता आहे असा निकाल दिला. १८ मे रोजी प्लेसी खटल्याचा निकाल लागला आणि 'वेगळे पण समान' या नावाखाली वर्णभेदाला घटनेचा आधार मिळाला. त्यानंतर एका आठवड्याने, २५ मे रोजी, वॉर्ड विरुद्ध रेस हॉर्स या खटल्याचा निकाल आला. रेस हॉर्स हा बॅनॉक जमातीचा माणूस. १८६८ च्या तहाने त्याच्या लोकांना मोकळ्या सरकारी जमिनीवर शिकार करण्याचा हक्क दिला होता. त्याने वायोमिंगमध्ये एल्क जातीची हरणे मारली तेव्हा राज्याने आपल्या शिकार-कायद्याखाली त्याला पकडले. न्यायालय म्हणाले, १८९० साली वायोमिंग राज्य झाले तेव्हाच तहातला हक्क संपला. सामायिक मालमत्ता ज्या 'जनतेची' ती जनता कोण, हे या तीन निकालांनी तीन महिन्यांत सांगून टाकले.

या काळाचा मोठा ग्रंथकार म्हणजे विल्यम हॉर्नडे. १८९६ ते १९२६ अशी तीस वर्षे तो न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयाचा संचालक होता. बायसन वाचवण्याच्या चळवळीत त्याचे नाव आदराने घेतले जाते. १९१३ साली त्याने नष्ट होणाऱ्या वन्यजीवांवर जे पुस्तक लिहिले ते या चळवळीचा जाहीरनामाच ठरले. त्या पुस्तकात गाणाऱ्या पाखरांची हत्या करणारे म्हणून स्वतंत्र प्रकरणे कोणावर आहेत? एक इटालियन मजुरांवर आणि दुसरे दक्षिणेतल्या काळ्या व गरीब गोऱ्या लोकांवर. पाखरांविषयी हा लेखक कळवळून लिहितो आणि रस्ता खोदणाऱ्या मजुराचा उल्लेख रोगाच्या साथीसारखा करतो. त्याच्या देखरेखीखालच्या प्राणिसंग्रहालयात सप्टेंबर १९०६ मध्ये ओटा बेंगा नावाच्या काँगोतल्या माणसाला माकडांच्या घरात लोकांना दाखवायला ठेवले होते. काळ्या धर्मोपदेशकांनी निषेध केला तेव्हा ते थांबले. ओटा बेंगाने १९१६ साली स्वतःला संपवले. बायसनाला वाचवणारा आणि माणसाला पिंजऱ्यात दाखवणारा हा एकच गृहस्थ आहे. त्याच्या चरित्रात या दोन गोष्टी वेगवेगळ्या पानांवर ठेवल्या जातात. त्या एकाच पानावर ठेवून वाचल्या पाहिजेत.

पेन्सिल्व्हानिया राज्याने तर १९०९ साली कायदाच केला की नागरिकत्व न मिळालेल्या परदेशी रहिवाशाने जिवाच्या वा मालमत्तेच्या रक्षणाखेरीज कोणतेही रानटी पाखरू वा जनावर मारू नये, आणि त्यासाठी त्याने बंदूकच बाळगू नये. १९१४ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होम्स हे उदारमतवादाचे भूषण समजले जातात. याच राज्यात शंभरांहून अधिक वर्षे रविवारी शिकारीला बंदी होती. ती थोडीफार सैल झाली २०१९ साली. सहा दिवस खाणीत राबणाऱ्याला सुट्टी कोणत्या वारी असते, हे सांगायला नको. धर्मासाठी केलेला नियमही शेवटी कोणाच्या ताटातले काढून घेतो ते पाहावे लागते.

आता फॉकनरकडे वळू. 'गो डाउन, मोझेस' मधली पहिलीच कथा शिकारीची आहे, पण जनावराच्या नव्हे. गुलामगिरीच्या काळात टर्ल नावाचा गुलाम शेजारच्या मळ्यावरच्या आपल्या प्रेयसीकडे पळतो आणि मालक कुत्री घेऊन त्याच्या मागे निघतो. सगळी कथा कोल्ह्याच्या शिकारीच्या थाटात, विनोदी अंगाने सांगितली आहे. वाचक हसतो. पुढे कळते की पळणारा हा पाठलाग करणाऱ्याचा सावत्र भाऊ आहे, एकाच बापाचा. हसलेल्या वाचकाला लाज वाटावी अशी ही रचना आहे आणि तिचे श्रेय लेखकाला दिलेच पाहिजे.

याच पुस्तकातला सॅम फादर्स हा वृद्ध वाटाड्या. बाप चिकसॉ जमातीचा मुख्य, आई गुलाम. बापानेच दोघांना मळेवाल्याला विकलेले. हा सॅम मालकाच्या घरातल्या आयझॅक या मुलाला रान वाचायला शिकवतो. एकलव्याची गोष्ट इथे उलटी होते. गुरू दास आहे आणि शिष्य धन्याच्या कुळातला. अंगठा मात्र याही गोष्टीत खालच्याचाच जातो. विद्या सॅमची, आणि 'थोर शिकारी' म्हणून नाव झाले ते आयझॅकचे.

माझ्या म्हणण्याचा मुख्य आधार 'डेल्टा ऑटम' ही कथा आहे. आयझॅक आता ऐंशीच्या घरात आहे. नोव्हेंबरात तरुण सोबत्यांबरोबर तो मिसिसिपीच्या खोऱ्यात शिकारीला निघाला आहे. गाडीत बोलणे चालते. हरिणी मारायची नाही हा त्यांचा नियम. हरिणी आणि पाडसे यांच्या रक्षणासाठी लढणे हेच काय ते पुण्याचे लढणे, अशा अर्थाचे काही म्हातारा बोलतो. रॉथ एडमंड्स या त्याच्या नातलगाचे मत कडवट आहे. बिल्लेवाला पाहत असेल तोवरच माणूस सरळ वागतो, असे त्याचे म्हणणे. लेगेट नावाचा सोबती रॉथला टोमणे मारतो की याला दोन पायांच्या हरिणीची चटक लागली आहे. सगळे समजून हसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी रॉथ पैशाचे पाकीट म्हाताऱ्याकडे ठेवून रानात निघून जातो. एक तरुण स्त्री तान्हे मूल घेऊन तंबूत येते. मूल रॉथचे आहे. बोलण्यातून म्हाताऱ्याला कळते की ही गोरी दिसणारी स्त्री त्याच्याच कुळातल्या काळ्या शाखेची आहे. ज्याने आजोबांच्या पापामुळे तरुणपणी वारसाहक्क नाकारला होता, तो आयझॅक तिचा वर्ण कळताच दचकून ओरडतो. उत्तरेकडे जा, आपल्या वर्णातला नवरा कर, असा सल्ला देतो. ती त्याला विचारते की प्रेम म्हणजे काय हे तुम्ही इतके विसरलात का. तो तिला मुलासाठी शिकारीचे जुने शिंग देतो, आणि ती जाते. थोड्या वेळाने लेगेट सुरी शोधत येतो. रॉथने हरीण मारले आहे. कसले हरीण, हे तो टाळतो. म्हातारा अंथरुणावर पडल्या पडल्या मनाशी ओळखतो की ती हरिणी होती.

वर्गात ही कथा शिकवताना एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, हरिणी मारली म्हणून त्याला दंड होईल. त्या बाईला टाकली म्हणून काय होईल?" काहीही होणार नाही. इतकेच नव्हे, रॉथने तिच्याशी लग्न करायचे ठरवले असते तरी मिसिसिपीच्या त्या वेळच्या कायद्याने ते होऊ शकले नसते. गोऱ्या-काळ्यांच्या विवाहावरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली ती १९६७ साली. ज्या राज्याने हरिणीला संरक्षण दिले त्याच राज्याने या स्त्रीला पत्नी होण्याचा हक्क नाकारला होता. माझ्या मते कथेचा गाभा इथे आहे. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नात जी समीक्षा आहे ती मला कित्येक जाडजूड ग्रंथांत आढळली नाही.

सौंदर्यवादी समीक्षक म्हणतील, ही समाजशास्त्राची चर्चा झाली, साहित्याची नव्हे. त्यांना माझे उत्तर कथेच्या घडणीतूनच आहे. हरिणी मारणे निषिद्ध आहे हे ज्या वाचकाला माहीत नाही त्याला शेवटच्या ओळखीचा घाव लागत नाही. मेलेले एक जनावर, एवढेच त्याला दिसते. कथेचा सारा ताण शिकारीच्या एका नियमावर टांगलेला आहे. तो नियम बाहेरचा म्हणून दूर ठेवला तर कथाच कोसळते.

फॉकनरच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्या स्त्रीला त्याने कथेतले सर्वांत खरे वाक्य दिले, पण नाव दिले नाही. सॅमच्या मनात काय चालते ते आपल्याला आयझॅकच्या नजरेतूनच कळते. तळावर स्वयंपाक करणारे, सरपण फोडणारे काळे गडी कथेत आहेत, पण रानातल्या त्यांच्या स्वतःच्या शिकारीची, त्यांच्या हंडीची गोष्ट नाही. लेखकाला गोऱ्या कुळाचे पाप दिसले. त्या पापाखाली जगणाऱ्यांचे घर त्याला आतून दिसले नाही. ते काळ्या लेखकांनाच लिहावे लागले, जसे आपल्याकडे आपल्यालाच लिहावे लागले.

आपल्या वाचकाला हे सारे वाचताना आपले काही आठवल्याशिवाय राहणार नाही. आपल्याकडे आदिकाव्याचा उगम एका शापात सांगितला जातो. क्रौंच पक्ष्याच्या जोडीतला नर मारणाऱ्या निषादाला ऋषीने शाप दिला आणि त्या शोकाचा श्लोक झाला. त्याच काव्यात दशरथ अंधारात बाण मारून आंधळ्या म्हाताऱ्यांचा मुलगा मारतो आणि राम हरणामागे धावतो. राजाने केली ती मृगया, पुढे साहेबाने केली ती शिकार. भटक्याने केली ती पारध, आणि ती त्याची जातच झाली. करुणा पाखराला आणि शाप पारध्याला, ही वाटणी हॉर्नडेच्या फार पूर्वीची आहे.

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९१२ साली रानटी पाखरे व जनावरे यांच्या रक्षणाचा. फासेपारधी या दोन कायद्यांच्या कात्रीत सापडला. पहिल्या कायद्याचा शिक्का १९५२ साली पुसला गेला, निदान कागदावर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात खास शिकार, मोठी शिकार, लहान शिकार आणि जिवंत जनावर पकडणे यांसाठी वेगवेगळ्या परवान्यांची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची ही पद्धत संपली आणि शिकारच बंद झाली. बंदूकवाल्या हौशी शिकाऱ्याचा छंद गेला. फासेवाल्याची चूल गेली. कायद्याच्या नजरेत दोघे सारखेच. तित्तर आणि ससा वाचला याचा आनंद आहेच, पण ज्याच्या हातातला फास घेतला त्याच्या हातात दुसरे काय दिले, हा प्रश्न रान वाचवण्याच्या पुस्तकांत क्वचितच विचारला जातो.

अमेरिकेत हा प्रश्न न्यायालयातून पुन्हा उभा राहिला. २०१४ साली क्रो जमातीच्या क्लेव्हिन हेरेरा याने माँटानातून वायोमिंगच्या हद्दीत शिरून एल्क मारले. वायोमिंगने हंगाम नसताना शिकार केल्याचा खटला भरला. त्याने १८६८ च्या तहाचा आधार घेतला. मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी म्हटले की राज्य स्थापन झाल्याने तहातला हक्क संपत नाही. १८९६ चा रेस हॉर्सचा निकाल असा सव्वाशे वर्षांनी मोडीत निघाला. जनावरांच्या रक्षणासाठी खरोखर जरूर असेल तर नियम घालण्याची वाट न्यायालयाने राज्याला मोकळी ठेवली, पण ती जरुरी राज्याला सिद्ध करावी लागेल. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. आता नियमालाच आपली जरुरी पटवून द्यायची आहे. एरवी पुरावा मागितला जातो तो फक्त उपाशी माणसाकडे.

आपल्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी शिकारकथा अवश्य वाचाव्यात, फॉकनरच्या आणि आपल्याकडच्याही. रानाच्या वर्णनाने भारावून जाण्यात गैर काही नाही. मात्र प्रत्येक कथेला तीन गोष्टी विचाराव्यात. परवाना कोणाजवळ आहे? जनावर कोणी शोधून दिले? मांस शिजले तेव्हा कोण पंगतीला होते आणि कोण तंबूबाहेर? ज्या समीक्षेला हे प्रश्न साहित्यबाह्य वाटतात, तिने आपला परवाना कोणाकडून घेतला आहे तेही तिला विचारायला हरकत नाही.